दुसऱ्यांसाठी सजणारं घर

हे प्रकरण पाच जणांच्या एका कुटुंबाचं आहे. आई, बाबा, १४ वर्षांची थोरली मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आजी, म्हणजे बाबांची आई. बाबांची बदली झाली होती, राहतं घर विकलं गेलं होतं आणि शाळेच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीतच दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं. करारात घर घेणाऱ्यांची एक अट होती. बाथरूममधून खालच्या मजल्यावर उतरणारी गळती बंद करायची, ओल आलेल्या दोन भिंतींचा गिलावा नव्याने करायचा आणि मग किल्ल्या द्यायच्या. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे ठेवलेले नाहीत.

समुपदेशक म्हणून माझ्याकडे ते आले धाकट्यासाठी. सुट्टीचा दुसरा आठवडा चालू होता. आईने तक्रार मांडली: "रात्री आम्ही खोकी भरतो, चिकटपट्टी लावतो आणि झोपतो. सकाळी बघावं तर एक तरी खोकं फोडलेलं असतं. रागावून झालं, समजावून झालं. सगळं सामान बाहेर काढतो असंही नाही. वरचं थोडं उचकतो आणि तसंच सोडून देतो." बाबांच्या मते मुलगा हट्टी झाला होता. सुट्टीत फिरायला न्यायचं कबूल करून नेलं नाही, त्याचा राग तो असा काढतोय, असं त्यांना वाटत होतं. थोरली भेटीला आलीच नव्हती. आजी आल्या होत्या, पण विचारल्याशिवाय बोलत नव्हत्या. निघताना उठल्या तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मी ते टिपून ठेवलं.

अशा तक्रारीत मुलाला एकट्याला खोलीत बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा घर बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. म्हणून पुढची भेट त्यांच्या घरी ठरवली.

बाथरूमची फरशी फोडलेली होती आणि गॅलरीत राडारोड्याची पोती होती. संडास एकच. तो घरातल्या पाच जणांना आणि दिवसभर येणाऱ्या कामगारांना मिळून वापरावा लागत होता. आंघोळीची सोय स्वयंपाकघराच्या मोरीत, पडदा लावून केलेली. मधल्या बोळात खोकी छातीपर्यंत रचलेली, त्यामुळे आजींना आडवं होऊन जावं लागे. मुलांच्या खोलीत सुतारकाम चालू होतं, म्हणून पाचही जण बाहेरच्या खोलीत झोपत होते. आई घरूनच ऑफिसचं काम करायची. तिचं टेबल दाराजवळ होतं, कारण कुणी ना कुणी दारावर यायचंच आणि उठायला तीच असायची. सुट्टी म्हणून मुलं दिवसभर घरात, पण त्यांनी बसावं कुठे याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

धाकट्याशी बोलणं खोक्यांपाशी बसूनच झालं. एक फोडलेलं खोकं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मी विचारलं, यात काय आहे? त्याने न बघता घडाघडा सांगितलं: दोन गाड्या, कोड्यांचं पुस्तक, जुनं दप्तर, निळी उशी. मग म्हणाला, "आहे का ते बघतो रात्री." थोडं थांबून त्याने मला विचारलं, "कपाट दिलं ना, ते तिकडे येणार का?"

त्याच्या खोलीतलं जुनं कपाट आई-बाबांनी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकलं होतं. तो खेळायला खाली गेलेला असताना माणसं आली आणि घेऊन गेली. रडारड नको म्हणून त्याला आधी सांगितलं नव्हतं. हेतू चांगलाच होता. पण सात वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. काही वस्तू खोक्यात जातात आणि दिसेनाशा होतात, काही वस्तू दारातून जातात आणि दिसेनाशा होतात. यातल्या कुठल्या परत दिसणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मग रात्री उठून खात्री करून घेणं हा त्याच्या हातात असलेला एकच उपाय होता. तो हट्टी मुळीच नव्हता. घरातला सगळ्यात पद्धतशीर माणूस त्या आठवड्यात बहुधा तोच असावा.

आजींशी मात्र वेगळं बोलावं लागलं, आणि ते बोलणं या सगळ्या प्रकरणात तातडीचं ठरलं. त्या दिवसभर पाणी जवळजवळ पीतच नव्हत्या. कारण विचारलं तर आधी टाळाटाळ, मग हळू आवाजात: "तिथे सारखी परकी माणसं असतात. दाराची कडी नीट लागत नाही. पाणीच कमी प्यायलं की प्रश्न मिटतो." रक्तदाबाची गोळी चालू, वयामुळे मुळातच तहान कमी लागते आणि त्यावर हे. खुर्चीचा हात का धरला होता ते कळलं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि त्याच अवस्थेत त्या खोक्यांच्या बोळातून आडव्या चालत होत्या. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी सांगितलं. घरात दुरुस्ती चालू असताना म्हातारी माणसं पाणी कमी पितात हे मी इतर कुटुंबांतही पाहिलं आहे. धूळ, आवाज, खर्च यांवर सगळे बोलतात. संडासाबद्दल बोलायची लाज वाटते म्हणून ते राहून जातं.

त्यांनी काही दिवस लेकीकडे, म्हणजे मुलांच्या आत्याकडे, राहावं असं बाबांनी सुचवलं होतं. सुचवण्यात गैर काहीच नव्हतं. पण आजींनी ते वेगळंच ऐकलं. "घर सोडायचंय ते सगळ्यांनी एकदमच सोडू. मला आधी का काढताय?" हे वाक्य त्यांनी बाबांना म्हटलं नव्हतं, मला सांगितलं. बाबांना त्या फक्त "नको" म्हणाल्या होत्या, आणि आपली आई ऐकत नाही असं बाबा धरून चालले होते.

थोरली अखेर भेटली ती योगायोगाने, चार्जर न्यायला घरी आली तेव्हा. रोज सकाळी मैत्रिणीकडे जायची ती रात्रीच यायची. आई-बाबांना वाटत होतं की मैत्रिणी सुटणार म्हणून ती हळवी झालीय. ते होतंच. पण तिचा खरा राग बाथरूमवर होता. "मी पाचवीत होते तेव्हापासून ती भिंत गळतेय. माझी पुस्तकं दोनदा खराब झाली. तेव्हा म्हणायचे, बघू, करू, आत्ता पैसे नाहीत. आता त्यांच्यासाठी लगेच झालं. मग आम्ही कोण?"

यावर आई-बाबांकडे खरं उत्तर होतं. विक्रीचा करार झाला तेव्हा हाती आलेल्या रकमेतूनच ही दुरुस्ती होत होती. आधी ती शक्यच नव्हती. पण मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिचा प्रश्न पूर्ण संपला नसता. सोडून जायचं घर दुरुस्त करणं हा एक विचित्र अनुभव असतो. इतकी वर्षं चालवून घेतलेला प्रत्येक दोष नेमका निघायच्या वेळी नीट होतो. कडी लागायला लागते, नळ गळायचा थांबतो, खोली उजळ दिसते, आणि ते सगळं दुसऱ्यांच्या वाट्याला जातं. मोठी माणसं याला व्यवहार म्हणतात आणि पुढे जातात. मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते जमत नाही, कारण व्यवहाराच्या बाजूला त्यांना बसवलेलंच नसतं. नव्या गावाची गोष्ट बाजूला ठेवली तरी या सुट्टीतलं दुखणं इथे होतं, असं माझं मत झालं.

आता कामाच्या यादीकडे येतो. बाबांनी ती भिंतीवर चिकटवली होती. गळती आणि दोन भिंतींचा गिलावा ही करारातली कामं. त्याखाली पूर्ण घराचा रंग, स्वयंपाकघराच्या फळ्या बदलणं, मुलांच्या खोलीचं दार आणि चौकट, गॅलरीचं ग्रिल घासून रंगवणं, विजेची बटणं बदलणं. ही कामं कुणी मागितली होती? कुणीच नाही. बाबा म्हणाले, "घर देताना नीट द्यावं. उद्या लोकांनी नावं ठेवायला नकोत." आई तिथेच म्हणाली, "लोक म्हणजे कोण? आपण तर इथे नसणार." बाबा यावर काही बोलले नाहीत. पुढे एका भेटीत त्यांनी सांगितलं की हे घर त्यांनी स्वतःच्या कमाईवर घेतलेलं पहिलं घर होतं आणि ते अर्धवट अवस्थेत कुणाच्या हातात द्यायचं म्हटलं की त्यांना रात्री झोप लागत नव्हती. यादी लांबत गेली ती त्यामुळे. घराला निरोप द्यायची त्यांची ती पद्धत होती, पण तिचा भार उरलेल्या चौघांवर पडत होता.

वेळेचा अंदाजही चुकला होता, आणि तो चुकणारच होता. बाबांच्या हिशेबात सगळं तीन आठवड्यांत आटोपून, एक आठवडा फिरायला जाऊन, शेवटचे दोन आठवडे बांधाबांध. बाथरूमच्या कामाचा क्रम मात्र बदलता येत नाही. आधी फोडकाम, मग पाइप, मग वॉटरप्रूफिंगचा थर, तो वाळला की पाणी तुंबवून २४ ते ७२ तास चाचणी, त्यात गळती दिसली नाही तरच फरशी, मग सांधे भरणं. सिमेंटच्या कामाला पूर्ण ताकद यायला २८ दिवसांचा हिशेब धरतात आणि पहिला आठवडा तरी पाणी मारून ते ओलं ठेवावं लागतं. ओल्या गिलाव्यावर घाईने रंग दिला तर फुगे येतात आणि पोपडे निघतात. म्हणजे मध्ये मध्ये असे दिवस येणारच, जेव्हा माणूस कितीही धडपडला तरी काम पुढे सरकत नाही.

अशा अंदाजांवर १९९४ साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध कधी पूर्ण होईल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. सगळं बिघडत गेलं तर किती, यावर उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. माणसं आपलं जुनं काम किती लांबलं होतं ते आठवत नाहीत, पुढचं चित्र तेवढं रंगवतात, असं या अभ्यासकांना दिसलं. मी बाबांना विचारलं, याच घरात स्वयंपाकघराचं काम केलं होतं तेव्हा किती दिवस लागले? उत्तर आईने दिलं: "ठरवले त्याच्या दुप्पट." बाबांना हे आठवत होतं, पण या वेळच्या हिशेबात ते कुठेच आलं नव्हतं.

आईबद्दल मी अजून फार लिहिलेलं नाही, कारण त्या घरातही तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. २०१० साली डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या ३० नोकरदार जोडप्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपलं घर फिरून दाखवत त्याचं वर्णन करायचं, मग त्या शब्दांची तुलना दिवसभरातल्या कॉर्टिसॉलशी, म्हणजे ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाशी, करायची. ज्या स्त्रिया घराचं वर्णन पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं अशा शब्दांत करत होत्या, त्यांचं कॉर्टिसॉल सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं, आणि दिवस सरेल तशी मनाची मरगळ वाढत होती. पुरुषांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. यावरून पसाऱ्यामुळेच ताण आला असं सिद्ध होत नाही, पण या आईचा दिवस डोळ्यांसमोर ठेवला की ते निरीक्षण पटतं. अर्धवट भिंत, अर्धवट खोकं, अर्धवट ऑफिसचं काम, आणि प्रत्येक गोष्टीचा पुढचा टप्पा तिच्याच डोक्यात. बाबा संध्याकाळी घरी आल्यावर विचारायचे, "आज किती झालं?" प्रश्न साधा होता, पण तिला तो झडतीसारखा वाटायचा.

पुढे जे ठरलं ते सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं, थोरली धरून. तिला बोलवायचं काम आजींनी केलं.

पहिला निर्णय यादीचा. घर घेणाऱ्यांना फोन करून विचारायचं की करारापलीकडची कामं त्यांना हवी आहेत का. बाबांना हे कमीपणाचं वाटत होतं, म्हणून फोन आईने केला. स्वयंपाकघर ते पूर्ण तोडून नवीन करणार होते आणि रंगही त्यांच्या पसंतीचा देणार होते. फळ्या, घराचा पूर्ण रंग, विजेची बटणं अशी कामं एका फोनवर गळाली. दार आणि चौकटीचं काम अर्धं झालं होतं, ते पूर्ण करायचं ठरलं. गॅलरीचं ग्रिल बाबांनी ठेवलं. ते स्वतःच्या हाताने घासून रंगवणार होते, आणि मला ते योग्य वाटलं. निरोपासाठी एक काम त्यांच्याकडे राहायला हवं होतं.

दुसरा निर्णय जागेचा. मुलांच्या खोलीतलं सुतारकाम दोन दिवसांत संपवून ती खोली झाडून, पुसून मोकळी करायची आणि घर सुटेपर्यंत तिथे एकही काम काढायचं नाही, एकही खोकं ठेवायचं नाही. त्या खोलीतलं सामान सगळ्यात शेवटी बांधायचं. शिवाय कामगार संध्याकाळी सहाला थांबतील, अवजारं गॅलरीत जातील आणि त्यानंतर घरात दुरुस्तीबद्दल कुणी बोलणार नाही. ही शेवटची अट थोरलीने घातली. कुटुंबातल्या नेहमीच्या गोष्टींवरच्या ५० वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा बार्बरा फीज आणि सहकाऱ्यांनी २००२ साली घेतला होता. रोजच्या ठरलेल्या गोष्टी आणि घराचे खास रिवाज यांचा मुलांच्या तब्येतीशी आणि पालकांच्या आत्मविश्वासाशी संबंध त्यात दिसतो. मी या कुटुंबाला तो सांगितला तो एवढ्याचसाठी, की सुट्टीत सगळी घडी मोडली तरी दिवसातली एक वेळ ठरलेली ठेवणं पुरेसं ठरू शकतं. त्यांनी रात्रीची निवडली. जेवणं झाल्यावर त्या खोलीत पाच जण बसायचे, पत्ते किंवा गप्पा. अट एकच, कुणी फोन घेऊन बसायचं नाही.

आजींचा प्रश्न शेजारणीने सोडवला. तिच्याकडच्या बाथरूमची सकाळची आणि दुपारची वेळ ठरली, घरच्या संडासाला त्याच दिवशी नवी कडी लागली, आणि बोळातली खोकी अर्ध्या उंचीवर आणून भिंतीच्या एकाच बाजूला लावली. आजींचं पाणी किती होतंय ते बघायचं काम धाकट्याकडे दिलं. तो बाटलीवर पेनाने रेघा मारायचा आणि अतिशय गंभीरपणे हिशेब ठेवायचा.

त्याच्या स्वतःच्या खोक्यांसाठी तीन गोष्टी ठरल्या. त्याचं सामान तोच भरणार. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते तो चित्र काढून दाखवणार. आणि एक खोकं बंद न करता, निघायच्या दिवसापर्यंत त्याच्या उशाशी उघडं राहणार. देऊन टाकायच्या वस्तूंची वेगळी जागा केली, आणि त्या कोण, कधी घेऊन जाणार हे त्याला आधी सांगायचं ठरलं. कपाटाबद्दल बाबांनी त्याला समोर बसवून सांगितलं की ते परत येणार नाही आणि तुला न सांगता द्यायला नको होतं. तो रडला, बराच वेळ. त्यानंतर रात्रीची खोकी फोडणं दोन-तीनदाच झालं आणि मग बंद पडलं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली कल्पना आईची. फिरायला जाणं रद्द झालं होतं, कारण काम संपल्यावर जाऊ असा बेत होता आणि काम संपतच नव्हतं. आई म्हणाली, पाणी तुंबवून चाचणी होते तेव्हा तसंही कुणाला काही करता येणार नाही आणि बाथरूम वापरता येणार नाही, मग तेव्हाच का जाऊ नये? गवंड्याने तारीख सांगितली, खालच्या मजल्यावरच्यांना छताकडे लक्ष ठेवायला सांगितलं, शेजारणीकडे किल्ली दिली आणि पाचही जण जवळच्याच ठिकाणी दोन रात्रींसाठी गेले. घरात दुरुस्ती असताना सुट्टी शेवटी ठेवू नये, कामात आपोआप येणाऱ्या थांब्यांवर ती बसवावी, हे मी आता इतरांनाही सांगतो.

ते परत आले तेव्हा खालच्या छतावर ओलीचा डाग उमटला होता. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली पाणी जायला बसवलेल्या भांड्याच्या, सांध्यातून पाणी उतरत होतं. पुन्हा फोडकाम, पुन्हा थर, पुन्हा चाचणी, आणि आठवडाभर वाया. यादी आधी छाटली नसती तर हा आठवडा कुठून काढला असता, सांगता येत नाही. तरीही शेवटी घाई झालीच. नवा गिलावा पुरेसा वाळायला वेळ उरला नाही म्हणून त्या दोन भिंतींचा रंग राहिला, आणि तसं घर घेणाऱ्यांना लेखी कळवून किल्ल्या दिल्या गेल्या. बाबांना ते लागलं. ग्रिल मात्र झालं होतं, निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि शेवटचा हात थोरलीने मारला.

थोरलीचं सगळं जुळून आलं असं मी लिहिणार नाही. पैशांचा हिशेब आई-बाबांनी तिच्यासमोर उघडून मांडला, कर्ज किती होतं, कोणत्या वर्षी काय अडलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. "आधी सांगितलं असतं तर चाललं असतं," एवढंच म्हणाली. दिवसा ती मैत्रिणींकडेच जात राहिली आणि तिला अडवू नका असं माझंही सांगणं होतं. शिगेहिरो ओइशी आणि उलरिख शिमॅक यांनी २०१० साली ७,१०८ अमेरिकी प्रौढांची माहिती मांडली. लहानपणी ज्यांना वारंवार घरं बदलावी लागली, त्यांच्यात मोठेपणी समाधान कमी आढळलं, विशेषतः अंतर्मुख माणसांमध्ये, आणि त्यामागे जवळची नाती कमी असणं हे एक कारण दिसलं. या मुलीचं हे पहिलंच स्थलांतर, त्यामुळे तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी ती अबोल होती आणि तिच्या जवळच्या मैत्रिणी दोनच होत्या. अशा मुलीची सुट्टी खोकी भरण्यात संपवण्यापेक्षा त्या दोघींबरोबर जाणं कितीतरी महत्त्वाचं होतं. तिच्या वाट्याची खोकी आईने आणि आजींनी भरली.

एका गोष्टीवर थोडं थांबतो. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या बदलांना गुण देणारी एक यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घर बदलण्याला २०, शाळा बदलण्याला २०, राहणीमानातल्या बदलाला २५. त्याच यादीत सुट्टीलाही १३ गुण आहेत. त्या बेरजेवरून एखाद्या माणसाचं भाकीत करू नये, पण सुट्टी त्या यादीत आहे हे मला फार बोलकं वाटतं. या आई-बाबांनी सुट्टी म्हणजे रिकामा वेळ असं धरलं आणि त्यात दोन मोठी कामं ओतली. बहुतेक कुटुंबं असंच करतात, कारण शाळेमुळे दुसरी वेळ सापडतच नाही. पण मुलांची सुट्टी रिकामी नसते. त्या दिवसांत त्यांची झोप, जेवणाच्या वेळा, दोस्तांना भेटणं, घरातल्यांबरोबरचा वेळ, सगळं बदललेलं असतं, आणि त्या बदललेल्या दिवसांनाही आधार लागतो. वर्षभर शाळा तो देते. सुट्टीत तो घराने द्यायचा असतो, आणि इथे घरच फोडलेलं होतं.

नव्या घरी गेल्यावर महिन्याभराने आईशी फोनवर बोलणं झालं. धाकट्याने खोकी स्वतः उघडली, चित्रं बघून. आजींची चक्कर थांबली होती आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा पुन्हा तपासून दिली होती. थोरली शाळेतून आल्यावर तासभर जुन्या मैत्रिणींशी बोलते, नव्या वर्गाबद्दल विचारलं तर "ठीक" म्हणते, आणि पुढच्या सुट्टीत त्या दोघींना इकडे बोलवायचं तिने आत्तापासून ठरवून ठेवलं आहे. नव्या घरातही कामं निघालीच होती. बाबांनी यादी केली, पण या वेळी ती पाच जणांसमोर वाचली गेली. आजींच्या बाथरूममध्ये धरायचा दांडा आणि थोरलीच्या टेबलावरचा दिवा ही दोन कामं आधी झाली. बाकीची शाळेची पहिली परीक्षा होईपर्यंत काढायची नाहीत असं ठरलं आहे.